खोलीचे तापमान पाहून तान्ह्या बाळाला कपडे कसे घालावेत आणि दुपट्यात कसे गुंडाळावे

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि जानेवारीतल्या थंडीच्या लाटेत धुळ्याला तो सहा-सात अंशांपर्यंत उतरतो. फेब्रुवारीत तर पहाटे गोधडी लागते आणि दुपारी पंखा. तरीही बहुतेक घरांत बाळंतिणीच्या खोलीतला बाळाचा पोशाख बाराही महिने एकच राहतो: अंगात एकावर एक दोन झबली, डोक्याला घट्ट बांधलेली कुंची, हातापायांत मोजे, वरून आवळलेले दुपटे आणि त्यावर गोधडी. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु बाळाचे कपडे महिन्यावरून किंवा रिवाजावरून ठरवायचे नसून, त्या घटकेला बाळ ज्या खोलीत आहे तिथल्या हवेवरून आणि बाळाच्या अंगाला हात लावून ठरवायचे असतात. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा कपडे कमी-जास्त करावे लागले, तर तो कंटाळा घरातल्यांनी करू नये.

नवजात बाळाला थंडी जशी पटकन बाधते तशीच उष्णताही बाधते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असल्यामुळे अंगातली ऊब लवकर निघून जाते आणि मोठ्या माणसासारखे कुडकुडून ती भरून काढणे त्याला साधत नाही. मान, खांदे आणि पाठ या भागांत साठलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब तयार करते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या किंवा कमी वजनाच्या बाळाजवळ ही शिदोरी फारच थोडी असते. दुसऱ्या बाजूने, बाळाला पुरेसा घाम येत नाही आणि अंगावरचे पांघरूण त्याला स्वतःहून बाजूला सारता येत नाही. अति गुंडाळल्यामुळे अंग तापणे हे झोपेत होणाऱ्या आकस्मिक बालमृत्यूच्या ज्ञात धोक्यांपैकी एक आहे, म्हणून ‘थोडे जास्त घातले तर काय बिघडते’ हा विचार बाळाच्या बाबतीत लागू पडत नाही.

खोलीचे तापमान आणि बाळाचे अंग

भिंतीवर टांगायचा साधा तापमापक बाळाच्या खोलीत असावा. तो उन्हाच्या कवडशात, कूलरच्या झोतात किंवा चुलीच्या भिंतीला न लावता बाळ झोपते त्या उंचीवर, अंथरुणापासून हातभर अंतरावर ठेवावा. गावातल्या हवामानाचा मोबाइलवर दिसणारा आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण घराघरात फरक पडतो. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या जाड छतामुळे दुपारीही बऱ्यापैकी गारवा टिकतो. पत्र्याचे घर दुपारी भट्टीसारखे तापते आणि पहाटे तितक्याच वेगाने गार पडते. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली दिवसभर ऊन पिते आणि ती उष्णता मध्यरात्रीपर्यंत आत सोडत राहते, त्यामुळे बाहेर वारा सुटला तरी खोली तापलेलीच असते. बाळाला शक्यतो खालच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर झोपवावे.

बाळाला गरम होते की गार लागते हे त्याचे हात पाहून ठरवू नये. तान्ह्या बाळाचे हात थोडे थंड असणे नेहमीचे आहे. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला किंवा छातीला आणि मग तळपायाला लावावी. दोन्ही उबदार असतील आणि मानेची मागची बाजू कोरडी असेल, तर कपडे बरोबर आहेत. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर पहिल्या महिन्यातल्या बाळाला गारवा लागू लागला आहे असे समजून एक थर वाढवावा किंवा त्याला आईच्या छातीशी घ्यावे. पोट आणि पाय दोन्ही गार लागले, तर ती धोक्याची खूण आहे. याउलट मान ओलसर, केस घामाने चिकटलेले, गाल लालसर आणि श्वास जलद असेल, तर बाळाला उकडत आहे. तेव्हा ताबडतोब एक थर काढावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा हात लावून पाहावा. शंका आली तर काखेत थर्मामीटर लावावा. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे घरातल्या फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर ९७.७ ते ९९.५, असायला हवे.

कोणत्या तापमानाला काय घालावे

पुढचे आकडे पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळासाठी आहेत. जन्मानंतरचे पहिले काही दिवस आणि कमी वजनाचे बाळ यांचा हिशेब वेगळा असतो. बाळ जन्मते त्या खोलीचे तापमान २५ अंशांच्या खाली जाऊ नये आणि पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकलावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी आणल्यावरही सुरुवातीला खोली २५ ते २८ अंशांत राखण्याचा प्रयत्न करावा. कमी वजनाच्या बाळाला कपड्यांपेक्षा आईच्या उघड्या छातीची ऊब अधिक लाभते. कांगारू मातृसेवा नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतही शिकवली जाते. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे घालून उभे छातीशी धरावे, त्याचे तोंड एका बाजूला वळलेले आणि नाक मोकळे ठेवावे आणि वरून आईचा पदर किंवा शाल घ्यावी. आई दमली तर वडील, आजी किंवा मावशी हे काम तितकेच चांगले करू शकतात.

खोली ३० अंशांच्या वर असेल, आणि आपल्याकडे मार्च ते जून बहुतेक दुपारी ती असतेच, तर एक पातळ बिनबाह्यांचे सुती झबले आणि लंगोट एवढे पुरे होते. पारा ३५ च्या पुढे गेल्यावर नुसता लंगोटही चालतो. या तापमानाला दुपटे गुंडाळू नये, टोपडे आणि मोजे घालू नयेत. घरात वडीलधाऱ्यांना हे पटवणे अवघड जाते, हे मान्य आहे. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा आजीचाच हात बाळाच्या घामेजलेल्या मानेला लावून दाखवावा, म्हणजे पुढचे बोलणे बहुधा लागत नाही. खोली ३५ अंशांच्या वर असताना केवळ कपडे काढून भागत नाही, खोलीच थंड करावी लागते. दुपारी खिडक्यांना ओली चादर किंवा वाळ्याचा पडदा लावावा, पंखा चालू ठेवावा. कूलरचा झोत भिंतीकडे वळवावा, थेट बाळावर नको. कूलरसाठी एक खिडकी उघडी असावी लागते, नाहीतर खोलीत नुसती ओल साठते. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी पुसावी, कारण डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतात. श्रावणात हवा दमट असते तेव्हा कूलर फारसा गारवा देत नाही, त्या दिवसांत पंखा बरा. एसी असल्यास २६ ते २८ अंशांवर ठेवावा आणि बाळ त्या खोलीत असेपर्यंत त्याला पूर्ण बाह्यांचे पातळ झबले घालावे.

खोली २७ ते ३० अंशांत असेल, तर एक पातळ सुती झबले आणि लंगोट घालावा. बाळ दचकून जागे होत असेल तरच मलमलीचे एकेरी दुपटे छातीपासून खाली सैल गुंडाळावे. २४ ते २७ अंश हे तान्ह्या बाळासाठी सुखाचे तापमान आहे आणि पावसाळ्यातल्या बहुतेक रात्री खोली याच टप्प्यात असते. येथे पूर्ण बाह्यांचे झबले, पातळ लेंगा आणि एकेरी दुपटे एवढे पुरते. २१ ते २४ अंशांत आतून एक बंडी वाढवावी आणि पायमोजे घालावेत.

२१ च्या खाली, म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतच्या रात्री, थर वाढवताना एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घालावेत. थरांच्या मधे अडकलेली हवा ऊब धरून ठेवते आणि दुपारी हवा तापली की एकेक थर सहज काढता येतो. आत सुती बंडी, त्यावर पूर्ण बाह्यांचे झबले आणि लेंगा, त्यावर लोकरीचा पातळ स्वेटर, पायमोजे आणि वरून दुपटे, एवढ्यात १८ अंशांपर्यंतची रात्र निभावते. लोकर थेट त्वचेला लावू नये, बाळाला पुरळ उठते. १६-१८ अंशांच्या खाली, विशेषतः पत्र्याच्या घरात किंवा सातपुड्यात धडगाव-तोरणमाळच्या बाजूला, कपडे वाढवत नेण्यापेक्षा खोली आडोशाची करणे आणि जागेपणी बाळाला जास्तीत जास्त वेळ आईच्या अंगाशी ठेवणे श्रेयस्कर. अशा थंडीत पहिल्या महिन्यातल्या बाळाला टोपडे घालावे, कारण डोके हा त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे पाचवा हिस्सा असतो आणि ऊब तेथूनच फार जाते. पण हनुवटीखाली नाडीने आवळून बांधायची कुंची झोपेत नको. कानांवर बसणारे, नाडी नसलेले मऊ टोपडे घ्यावे, आणि खोली उबदार होताच तेही काढावे, कारण उकडत असताना बाळ अंगातली उष्णता डोक्यावाटेच बाहेर टाकते.

मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एक थर बाळाला अधिक, हा सर्वांना माहीत असलेला नियम हिवाळ्यात आणि पावसाळ्यात ठीक आहे. पारा ३० च्या पुढे गेला की तो विसरून जावा.

शहरातल्या घरांत हल्ली झोपेची पिशवी ऑनलाइन मागवतात. तिच्यावर ‘टॉग’ नावाचा आकडा असतो आणि तो जितका मोठा तितकी पिशवी उबदार. साधारणपणे ०.५ टॉग २४ ते २७ अंशांसाठी, १ टॉग २१ ते २४ अंशांसाठी आणि २.५ टॉग त्याखालच्या खोलीसाठी असते. ही कोष्टके थंड देशांत तयार झाली आहेत. ब्रिटनमध्ये बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश योग्य मानतात, जे आपल्याकडे केवळ डिसेंबर-जानेवारीच्या रात्री असते. म्हणून घ्यायचीच झाल्यास ०.५ ची घ्यावी.

दुपटे गुंडाळण्याची रीत

दुपट्यासाठी पातळ, सुती, सुमारे मीटरभर लांबी-रुंदीचे चौकोनी कापड लागते. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा धुऊन मऊ झालेला तुकडा यासाठी उत्तम. ब्लँकेट, टॉवेल, फर लावलेले कापड किंवा गोधडी यांत बाळाला कधीही गुंडाळू नये.

कापड सपाट जागेवर शंकरपाळ्यासारखे पसरावे आणि वरचे टोक वीतभर आत दुमडावे. बाळाला उताणे ठेवावे, त्याचे खांदे दुमडलेल्या कडेच्या किंचित खाली यावेत, म्हणजे कापड मानेला किंवा हनुवटीला लागणार नाही. त्याचा एक हात कोपरात वाकवून छातीवर ठेवावा. हात सरळ ताणून मांड्यांना चिकटवण्याची गरज नाही. त्या बाजूचे टोक छातीवरून ओढून दुसऱ्या कुशीखाली सारावे, मग दुसरा हात तसाच ठेवून उरलेले टोक वरून आणावे. खालचे टोक पायांवर सैल ठेवून मागे किंवा बाजूला वळवावे. गुंडाळून झाल्यावर छाती आणि कापड यांच्यामध्ये आपली दोन बोटे आडवी सहज जायला हवीत. त्याहून घट्ट झाले तर श्वासाला अडचण होते, आणि फार सैल झाले तर कापड सुटून तोंडावर येते.

कमरेखालच्या भागाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे बाळाचे पाय सरळ व्हावेत म्हणून दोन्ही पाय ओढून, जुळवून, कापडाने किंवा दोरीने बांधण्याची पद्धत अनेक घरांत आहे, आणि तीच सर्वांत जास्त नुकसान करते. नवजात बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाहेर फाकलेले असतात, कारण मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या खोबणीत नीट बसायला तीच स्थिती हवी असते. पाय सरळ बांधले तर कोवळा सांधा खोबणीतून सरकू शकतो आणि मूल पुढे लंगडत चालते. जपानमध्ये १९७५ पासून पाय सरळ न बांधण्याची मोठी मोहीम चालवली गेली आणि तिथल्या बाळांतले खुबा सरकण्याचे प्रमाण ठळकपणे घटले. बाळाचे पाय पुढे चालायला लागल्यावर आपोआप सरळ होतात. ते बांधून सरळ होत नाहीत. गुंडाळल्यावर बाळाला गुडघे वर घेऊन बाजूला फाकवता आले पाहिजेत, एवढी जागा दुपट्यात असायलाच हवी.

गुंडाळलेले बाळ नेहमी उताणेच झोपवावे, कुशीवर किंवा पालथे कधीही नाही. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. उशी, मोहरीची उशी, लोड, सैल गोधडी, खेळणी यांतले काहीही बाळाजवळ नको. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते, म्हणून गुंडाळलेल्या बाळाला झोळीत ठेवून नजरेआड होऊ नये. दूध पाजताना दुपटे सोडावे, म्हणजे हात तोंडाकडे नेण्याची भुकेची खूण आईला दिसते. बाळ एका अंगावर वळण्याचा प्रयत्न करू लागले की हात गुंडाळणे त्याच दिवसापासून बंद करावे. काही बाळे दोन महिन्यांतच हा प्रयत्न करू लागतात, बहुतेक तीन-चार महिन्यांत करतात.

कापड, दोरे आणि शेगडी

बाळाचे जुने कपडे, आधीच्या भावंडाची झबली आणि दुपटी पेटीतून काढताना त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो का, हे अवश्य पाहावे. ‘जी-६-पी-डी’ या विकराची जन्मजात कमतरता भारतातल्या अनेक समाजांत आढळते आणि अशा बाळाला या गोळ्यांतल्या नॅप्थलीनचा वास लागलेल्या कपड्यांमुळे रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाळ पाहून कळत नाही. म्हणून असे कपडे नुसते झटकून घालू नयेत. साबणाने धुऊन, कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरावेत, आणि पुढे पेटीत डांबराच्या गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला ठेवावा.

हातमोजे-पायमोजे घालण्यापूर्वी उलटे करून आतले सुटे धागे कापावेत. एखादा धागा किंवा आईचा केस बोटाभोवती आवळला तर बोट सुजते, काळेनिळे पडते आणि बाळ कशानेही न थांबता रडत राहते. असे रडणे सुरू झाल्यास आधी मोजे काढून दहा-वीस बोटे पाहावीत. गळ्यातला काळा दोरा, ताईत, झबल्याला टोचलेली पिन झोपेत नको. दृष्टीसाठी काही बांधायचेच असेल, तर बाळाच्या अंगावर न बांधता पाळण्याच्या दांडीला, त्याच्या हाताला लागणार नाही असे बांधावे.

बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून खोली बंद करणे हिवाळ्यात अत्यंत घातक ठरते. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो आई व बाळ दोघांनाही झोपेतच बेशुद्ध करतो. शेक घ्यायचाच असेल तर जागे असताना, दार-खिडकी उघडी ठेवून घ्यावा आणि झोपण्यापूर्वी शेगडी घराबाहेर न्यावी. धुरीचा धूरही बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. गरम पाण्याची पिशवी अंथरूण तापवण्यासाठी वापरून, बाळाला झोपवण्यापूर्वी काढून घ्यावी.

उन्हाळ्यात बऱ्याच घरांत गच्चीवर किंवा धाब्यावर झोपतात. रात्री दहाला उघडे निजवलेले बाळ पहाटे चारला गार पडते, म्हणून उशाशी एक पूर्ण बाह्यांचे झबले ठेवावे आणि आईला पाजायला जाग येईल तेव्हा ते चढवावे. मच्छरदाणी लावावी, पण पाळण्यावर किंवा बाळाच्या तोंडावर ओढणी किंवा पदर टाकून हवा कोंडू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकीबाळींचा प्रवास नेमका वर्षातल्या सर्वांत तापलेल्या दिवसांत होतो. एसटीने यायचे असेल, तर पहाटेची पहिली गाडी धरावी, बाळाला एकेरी झबल्यात ठेवावे, झळा लागू नयेत म्हणून खिडकीला ओले फडके लावावे आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने दूध पाजावे. सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी देऊ नये, उन्हाळ्यातही नाही. आईने मात्र भरपूर पाणी प्यावे. बाळाला दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरत आहे. जन्मानंतर दोन-चार दिवसांत, दूध नीट उतरण्यापूर्वी, तापलेल्या खोलीत गुंडाळलेल्या बाळाला पाणी कमी पडून ताप येतो, आणि घरचे लोक ताप म्हणून आणखी गुंडाळतात. याने हाल वाढतात.

अंग तापलेले वाटल्यास कपडे सैल करून, बाळाला गार खोलीत नेऊन, दूध पाजून अर्ध्या तासाने पुन्हा थर्मामीटर लावावा. तापमान ३७.५ अंशांच्या, म्हणजे ९९.५ फॅरनहाइटच्या, वर राहिले तर डॉक्टरांना दाखवावे; तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, ताप असल्यास अर्धा तासही न थांबता त्याच वेळी दवाखाना गाठावा. तापमान ३६.५ च्या खाली असेल, तर आईच्या छातीशी घेऊन पाजत राहावे. तासाभरात ते वर आले नाही, किंवा ३५.५ च्या, म्हणजे ९५.९ फॅरनहाइटच्या, खाली आढळले, तर लगेच निघावे. बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तापमान कितीही असो, थांबू नये. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात तेव्हा बाळाचे तापमान त्यांच्यासमोर मोजून घ्यावे आणि पोट-पायाला हात लावण्याची रीत त्यांच्याकडून शिकून घ्यावी. वाहन नसल्यास १०८ ला फोन करावा. गार पडलेल्या बाळाला गोधडीत बांधून दुसऱ्याच्या मांडीवर देऊ नये. त्याला टोपडे घालून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वरून शाल लपेटावी, वाटेत पाजत राहावे आणि त्याचे नाक-तोंड मोकळे आहे ना, हे रुग्णालयाच्या दारापर्यंत पाहत राहावे.